चौथी गोटी

मार्तंडराव चाळीस वर्षं झाशीच्या रेल्वे कचेरीत कारकून होते. साहेबांच्या क्लबात त्यांना कधी पाऊल टाकता आलं नाही. दारातून दिसलेली मतपेटी मात्र लक्षात राहिली. पेन्शन लागताच मानिक चौकातल्या आमच्या मराठी वाचनालयासाठी त्यांनी हुबेहूब तशीच पेटी करवून घेतली. गुलामाला मालकाची छडी फार आवडते.

"ब्लॅकबॉल करणं म्हणजे," दर वर्षी ते शब्दकोश उघडून समजावत, "पांढरी गोटी होकार, काळी नकार. एक काळी निघाली की माणूस बाहेर. कुणी टाकली, का टाकली, विचारायचं नाही."

गेल्या साली सभासद व्हायला आलेली इस्पितळातली नर्स अनुसूया अशीच बाहेर राहिली. ती हसली. टवका उडालेली ती काळी गोटी तिने उचलली.

"मास्तरीणबाई, ही मी नेते हं," मलाच म्हणाली.

माघात ती न्यूमोनियाने गेली. अंघोळ घालताना तिची उजवी मूठ आम्हा बायकांना उघडता आली नाही. तशीच चितेवर गेली.

यंदा, १९३६च्या चैत्रात, माझ्या सभासदत्वाची फेरनिवड होती. मी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. विज्ञानाची मासिकं गावात या वाचनालयातच येतात. चौथं मत एरवी माझं, पण स्वतःच्या नावावर ते देता येत नाही. उरले तिघे: मार्तंडराव, त्यांचा पुतण्या श्रीकृष्ण आणि यशवंतराव वकील. प्रत्येकाला एक पांढरी, एक काळी. दुपारी चार वाजता मी स्वतः पेटी उलटी करून पाहिली. रिकामी होती.

मतं पडली. पेटी ओतली. तीन पांढऱ्या, एक काळी.

"अजी काका," श्रीकृष्ण हसला, "भूत को भी मेंबर बना लिया क्या?"

काकांनी सर्वांच्या हातात उरलेल्या गोट्या मागून घेतल्या. तीन काळ्या.

पुन्हा मतं घेतली.

तीन पांढऱ्या. एक काळी. खोलीत इस्पितळातल्यासारखा कार्बोलिकचा वास आला.

श्रीकृष्ण हसला नाही.

"नियम म्हणजे नियम, सुहासिनीबाई," मार्तंडराव पुटपुटले. घाबरलेला माणूसही नियम सोडत नाही. मला त्यांची किळस आली.

पण गेल्या साली अनुसूयाला काळी गोटी मी टाकली होती. वाचनालयात बाई मी एकटीच होते. एकटीच राहावं, असं वाटलं.

मी गोटी उचलली. टवका तोच.

गोटी उबदार होती, नुकत्याच उघडलेल्या मुठीतून आल्यासारखी.