मॅडम जिन्यातून हाक मारतात

"मी 'उठा' म्हणत नाही, तोवर कोणी हलायचं नाही. खाली आग लागली तरी नाही!"

सुनंदा मॅडमचा हा आवाज बंद दारातूनही ऐकू यायचा.

देवाची शपथ मी उगाच घेत नाही. आज घेते. हे आमच्याच घरात घडलंय. बदलापूर गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी, तिन्हीसांजेला ते सुरू झालं.

माझी मुलगी राजसी दहावीला. शाळेत तिने भरतनाट्यम घेतलेलं. त्याची वरची परीक्षा पास झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या परीक्षेच्या मुलींना मॅडम शाळा सुटल्यावर आमच्या गच्चीवरच्या खोलीत शिकवायच्या. हातात लाकडी दांडकं. त्याने पाटावर ताल द्यायच्या.

आणि मुलींच्या नडग्यांवरही.

अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर वळवून, पाठ ताठ ठेवून अर्धवट बसायचं. मुलींना तसं बसवून मॅडम बाहेर जायच्या. मग जिन्यातून गोड आवाजात हाक मारायच्या, "अगं, ये गं कोणीतरी... पाय मुरगळला माझा."

जी धावत जायची, तिच्या नडगीवर दांडकं बसायचं.

"नाटक होतं ते! स्टेजवरून पण अशीच पळणार का गं, म्हशी?"

राजसीची मैत्रीण शलाका एकदा फसली. लंगडत खाली आली आणि हसत मला म्हणाली, "काकू, मुरगळला मॅडमचा, सुजला माझा!"

मी तिला हळद लावून दिली.

त्या सोमवारी माझा उपास होता. मी महादेवाच्या देवळात गेले होते. जांभूळच्या केंद्रातून येणारं नळाचं पाणी आलं होतं, म्हणून खाली पंप चालू. त्या घरघरीत बिल्डिंगमध्ये कोणालाच काही ऐकू गेलं नाही.

वरच्या मुलींना मात्र ऐकू आलं...

"अगं... ये गं कोणीतरी..."

कोणी हललं नाही.

"राजसी... तू तरी ये गं..."

राजसी दाराजवळच होती. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मांड्या थरथरत होत्या, पण उठली नाही. हाका बारीक होत गेल्या. मग थांबल्या. मुलींना वाटलं, मॅडम कंटाळल्या.

टाकी भरली का बघायला आमचे वॉचमन हिरामणकाका वर निघाले, तेव्हा मॅडम त्यांना जिन्याच्या वळणावर सापडल्या. डोकं फुटलेलं. काका ओरडत वर धावले.

मुली तशाच बसलेल्या होत्या.

'उठा' कोणी म्हटलंच नव्हतं ना.

मॅडमचं तेरावं झालं. खोलीला कुलूप लागलं. त्याच संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, शेजारी टीव्ही, गॅसवर कुकर.

मग एकदम... काहीच नाही.

कुकरमधून वाफ उडत होती. शिट्टी ऐकू येत नव्हती.

मी मागे वळले. राजसी हॉलच्या मधोमध अरमंडीत बसलेली. घामाने डबडबलेली.

"राजसी, ऊठ गं बाळा."

"उठता येत नाहीये, आई."

मी तिला काखेत हात घालून उचलायला गेले. ती तसूभरही हलेना.

"मॅडम बोलावतायत," ती पुटपुटली. "नाही गेले तर त्या मरतात. गेले तर मारतात."

"कोणी नाही गं तिथे..."

आणि मलाही ऐकू आलं.

"राजसी... ये गं..."

मग हे रोजचंच झालं. हाका थांबल्या की पाय सुटायचे. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, टेन्शन घेतलंय मुलीने. पण असंच चाललं तर गुडघे जातील. आमचे हे आनंदनगरच्या कंपनीत, कायम सेकंड शिफ्टला. त्यांच्या सांगण्यावरून मी तिला उल्हासनगरला माझ्या भावाकडे नेलं. बैठं घर. जिना नाहीच.

तरी हाक आली... जिन्यातून यावी तशी, घुमत.

आम्ही परत आलो. राजसीला आता धड चालताही येईना. भिंत धरून बाथरूमला जायची.

एका संध्याकाळी हाक आली आणि मी दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. जप करत वळणापर्यंत गेले.

"मॅडम, मी राजसीची आई. मी आलेय."

खाडकन नडगीवर फटका बसला!

मी मटकन खाली बसले. डोळ्यांपुढे काजवे. वरच्या पायरीवर कोणीतरी सावकाश श्वास सोडला... समाधानाने.

आणि घरातून राजसी ओरडली, "आई, सुटले! सुटले मी!"

पाठोपाठ शेजारचा टीव्ही ऐकू आला.

मी तिथेच हात जोडले. "मॅडम, पोरीला धरू नका. तिच्याऐवजी मी येत जाईन. रोज. माझा नेम चुकत नाही."

पायरीवर दांडकं एकदाच वाजलं.

राजसी ती परीक्षा पास झाली. वाढीव गुण नक्की. पाय असे पडतात तिचे, की बघणाऱ्याला वाटावं, मॅडमच नाचतायत.

माझं सोमवारचं देऊळ सुटलंय, तेवढं चालवत नाही. पूजा खुर्चीत बसून करते. ह्यांना सांगितलंय, संधिवात आहे.

मी गेल्याने मॅडमना बरं वाटतं की राग येतो, ते मला अजून कळलेलं नाही. एवढंच कळतं, की फटका हल्ली वर सरकतोय. आधी नडगी. मग गुडघा. मग कंबर.

काल मानेच्या खाली बसला.

आत्ता दिवा लावलाय. बाहेरचे हॉर्न थांबलेत. राजसी टेबलाशी अभ्यास करतेय, कानात इअरफोन. हाक ऐकू येऊ नये म्हणून तिने ते घातलेत.

"आई," मान वर न करता ती म्हणतेय, "जा ना लवकर. माझे पाय ताठायला लागलेत."

हे लिहितेय तो फोन देवापाशी ठेवते. पदर खोचलाय. दाराची कडी वाजू नये, म्हणून हळूच काढते.