निजरूवरची बंदी

त्याच्या खिशातल्या निजरूने जांभई दिली, तेव्हा मी काचेच्या अलीकडे बसून त्याचे कान तपासत होते.

कान तपासायची आमची खोली म्हणजे आतून गाद्या ठोकलेलं एक मोठं कपाटच. आत पेशंट बसतो, कानावर हेडफोन, हातात एक बटण. बाहेरून मी बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. फोन बाहेर ठेवा, असं मी सगळ्यांना बजावते. या महाशयांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि फोन खिशातच ठेवला. आतल्या माइकमधून ती जांभई थेट माझ्या कानात आली.

"निजरू का?" मी विचारलं.

तो इतका दचकला की बटण दाबलं गेलं. हिरवा दिवा लागला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मोटरच्या खोलीत दिवसदिवस राहून कानात शिट्टी वाजते, अशी त्याची तक्रार होती. उंच, जरासा वाकून चालणारा, आणि लाजला की आधी कानच लाल होणारा. मला तर कानच बघायचे होते, त्यामुळे लपवायला त्याला जागाच नव्हती.

निजरू हा फोनवरच्या आमच्या खेळातला प्राणी. दोघांनी आपापले अक्राळविक्राळ प्राणी आणायचे आणि आळीपाळीने झुंजवायचे, असा तो खेळ. त्यात हा निजरू म्हणजे नुसता लोळागोळा. कुणी त्याला विचारत नव्हतं, पण 'गवंडी' नावाने खेळणाऱ्या कुणीतरी त्याच्यातली गंमत शोधून काढली. झोपेतही हालचाल करू शकणारा हा एकटाच. मग त्याच्या जोडीला गाणारा पक्षी द्यायचा, साऱ्या मैदानाला झोपवायचं, आणि निजरूला झोपेत चालत पाठवायचं. गवंडीचे सामने मी पुन्हा पुन्हा बघायचे. हे कुणाला सुचलं तरी कसं, म्हणून तोंडात बोट घालायची वेळ यायची.

"गवंडीसारखा खेळता का निजरू?" तपासणी झाल्यावर मी सहज विचारलं.

त्याने बुटांकडे बघितलं. "मीच... गवंडी."

माझी पंचाईत झाली. कारण खेळातल्या कुठल्या प्राण्यावर बंदी घालायची हे ठरवणाऱ्या मंडळात मी होते, आणि निजरूवर बंदी घाला हा प्रस्ताव माझाच होता. सगळे गवंडीची नक्कल करायला लागले होते, नवे खेळाडू कंटाळून निघून जात होते. खेळ मरायला टेकला होता.

"मी चिमटा," मी म्हटलं. मंडळात माझं तेच नाव होतं.

"म्हणजे माझ्या निजरूच्या जिवावर उठलेल्या त्या तुम्हीच—" तो म्हणाला आणि चक्क हसला. पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती. निजरूच्या जोरावर तो तिथवर पोचला होता आणि निजरू गेला तर त्याचं तिथे काही खरं नव्हतं. हे त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतं.

मी त्याला आवाजापासून लांब राहायला आणि पुढच्या आठवड्यात परत यायला सांगितलं. कानांसाठीच सांगितलं... बरंचसं.

मंडळाची मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे पडली. अशा वेळची आमची एक रीत आहे. बंदी मागणाऱ्याने आणि तो प्राणी खेळण्यात पटाईत असलेल्याने बाजू बदलून एक सामना खेळायचा. मी निजरू घ्यायचा, त्याने निजरूविरुद्ध लढायचं. मग दोघांनी मत द्यायचं. दोघंही बंदी म्हणाले तरच बंदी.

रविवारी दवाखाना बंद असतो. डॉक्टर म्हणजे माझी आत्या, तिच्याकडून किल्ली मागून घेतली. "बंदी घालायला निघालीस ना?" तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग केस कशाला धुतलेस?"

पेशंटच्या बाकावर आम्ही दोन टोकांना बसलो. खिडकीतून ऊन येत होतं. मंडळातले बाकीचे आपापल्या घरून बघत होते.

तोवर मी निजरूला फक्त समोरून पाहिलं होतं. आता तो माझा होता. पक्ष्याने सूर धरला आणि मैदानातला एकेक प्राणी मान टाकू लागला. गवताची पाती आडवी झाली, पाणी थांबलं. मग त्या अफाट शांततेत माझा लोळागोळा मिटल्या डोळ्यांनी उठला आणि चालू लागला. माझ्या अंगावर काटा आला. एवढंसं जनावर, आणि सारं जग त्याच्यासाठी श्वास धरून थांबलेलं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. बाकाच्या त्या टोकाला बसलेल्या या माणसाने मोटरच्या गोंगाटातून घरी येऊन ही शांतता शोधली होती. मला रडू येईल असं वाटलं. आपण हे पुसून टाकायला निघालो होतो, याची लाज वाटली.

मी जिंकले. "बंदी नको," मी लगेच म्हटलं. "मी चुकले. असलं सुंदर काही मी आजवर हातात धरलेलं नाही."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्याची सगळी बटणं अजून करडी होती. झोपलेल्या प्राण्यांच्या मालकाला काहीच दाबता येत नाही.

"मी कधी या बाजूला बसलोच नव्हतो," तो हळू म्हणाला. "तुम्ही हरखून गेला होता. मी बघत होतो. पण तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. बघायची गरजच नव्हती. मी होतो काय, नव्हतो काय."

"पण तुमची स्पर्धा..."

"समोरच्याला काही करताच येत नसेल, तर मी कुणाशी खेळतोय?" त्याने स्क्रीनवर बंदीचं मत दिलं. "आता तुमचं मत. मी जबरदस्ती करणार नाही."

जे स्वतः शोधलं, त्याच्यावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. निजरूपेक्षा हे मोठं होतं. डोळे पुसत मीही बंदीला मत दिलं. निजरूने एक जांभई दिली आणि तो यादीतून गेला.

स्पर्धेला तो दुसरे प्राणी घेऊन जाणार म्हणाला. पहिल्याच सामन्यात हरेन, असंही म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा चेहरा हलका दिसत होता.

आठवड्याने तो कान दाखवायला आला. शिट्टी कमी झाली होती. आत जायच्या ऐवजी तो काचेपाशीच घुटमळला.

"तुमची ती रीत आहे ना... बाजू बदलायची. एकदा इथे चालेल?"

मी उगाच डोळे वटारले आणि आत जाऊन बसले. हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. पलीकडे माझ्या खुर्चीवर तो, माइकशी तोंड नेऊन. कान आधीच लाल.

आधी नुसता त्याचा श्वास ऐकू आला. मग अगदी बारीक आवाजात, जेमतेम पोचेल असं तो म्हणाला, "मला तू आवडतेस. ऐकू आलं तर... बटण दाब. आणि नाही दाबलंस तरी चालेल. म्हणूनच तुला आत बसवलं. बटण तुझ्याकडे राहावं म्हणून."

त्या गाद्यांच्या खोलीत मला फक्त माझं काळीज ऐकू येत होतं. काचेपलीकडे तो माझ्याकडे बघत नव्हता. खाली मान घालून दिव्याकडे बघत होता.

मी त्याला थोडं थांबवलं. एवढा हक्क होता मला.

मग दिव्याचा हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला आणि त्याने मान वर केली. मी बटण सोडलंच नाही.