एझ्राचा दगड

कोडी, गळ आधी वर घे आणि बर्फातल्या भोकावर फळी टाक. आता मासे काही लागत नाहीत. शेल्बी, झोपडीचं दार नीट लाव गं, तळ्यावरचा वारा आत येतोय. चहा ओत सगळ्यांना. माझ्या कपात त्या बाटलीतलं थोडं घाल, आणि तुझ्या आईला सांगू नकोस.

मघाशी तू विचारलंस ना, शाळेसाठी घराण्याचा इतिहास लिहायचाय, तर माहिती मिळते कुठे? पुष्कळ ठिकाणी मिळते. ओटावाच्या सरकारी दफ्तरखान्यात शिरगणतीचे कागद आहेत. चर्चमध्ये बारशांच्या आणि लग्नांच्या वह्या आहेत. वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, ती यंत्रात फिती फिरवून डोळे फुटेपर्यंत वाचावी लागतात. कबरींचे दगड आहेत. आणि गावातल्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे मात्र सगळ्यांत आधी जायचं, कारण त्या फार दिवस थांबत नाहीत.

हे सगळं ऑर्विल टॅगर्टला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्याची काय गत झाली, ती ऐका.

तळ्याच्या पलीकडे तो पिवळा दिवा दिसतोय? तेच टॅगर्टांचं घर. ऑर्विल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मोठा झाल्यावर त्याने जन्मभर विमे विकले, बायको गेल्यावर त्याला वेळ खायला उठला, आणि मग त्याने पूर्वज धरले. गावाच्या इतिहास मंडळाचा तो अध्यक्ष. मंडळात सात माणसं, त्यातली दोन मेलेली. पण अध्यक्षाचा थाट असा, की गावात येणारी प्रत्येक गाडी जणू त्यालाच भेटायला येते. टॅगर्ट घराण्याचं पुस्तक काढायचं त्याने ठरवलं. जुलैत सगळा गोतावळा जमणार होता, देशभरातून टॅगर्ट येणार होते, त्या दिवशी ते वाटायचं. पहिल्या पानावर त्याचा पणजोबा एझ्रा. चर्च बांधणारा एझ्रा, रस्ता पाडणारा एझ्रा. ऑर्विल त्याचं नाव घ्यायचा तेव्हा टोपी काढायचा. घरात, एकटा असतानासुद्धा काढत असेल.

पुस्तकासाठी तो माझ्याकडेही आला. माझी आजी लहानपणी टॅगर्टांच्या शेजारी राहायची. आजीने मला जे सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. एझ्राकडे नेल पिंबल नावाची पोर होती. इंग्लंडातून बोटीत घालून अनाथ पोरं इकडे शेतांवर राबायला पाठवायचे ना, त्यांतली. आजीच्याच वयाची. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशा घासायची. चरबी आणि राख उकळून घरी साबण करायचे, त्याने तिच्या हातांची सालं निघायची. एका जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

आता थंडीत आपल्याकडे जमीन गोठते, कबर खणता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तर कुदळी मोडायच्या. म्हणून हिवाळ्यात मेलेल्यांना स्मशानाच्या कडेच्या त्या दगडी खोलीत ठेवायचे. हो, तीच आठ कोनांची. आता तिच्यात गवत कापायचं यंत्र असतं. तिला मढ्यांची खोली म्हणायचे. वसंतात जमीन सुटली की ज्याच्या घरचं माणूस आत आहे त्याने यायचं, दार ठोठावायचं आणि नाव घेऊन मोठ्याने हाक मारायची. घरच्याने हाक मारल्याशिवाय शवपेटी उचलायची नाही, असा रिवाज होता. परक्याची हाक चालत नसे.

त्या वसंतात सगळे आले. एझ्रा आला नाही. म्हणाला, ती काय आमच्या घरची आहे? ज्यांनी पाठवली त्यांनी न्यावी.

पेटी तशीच राहिली. पुढे कधीतरी गेली, कुठे ते कुणी सांगितलं नाही. सगळं गाव मूग गिळून बसलं. फक्त माझ्या आजीने, दहा-बारा वर्षांच्या पोरीने, त्या खोलीच्या भिंतीवर खिळ्याने नेलचं नाव ओरबाडलं.

"तुझी आजी म्हणजे काही पुरावा नव्हे, मर्ल," ऑर्विल मला म्हणाला. माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझे बटर टार्ट खात. "कागद आहे का?"

"एझ्रा रोज दहा मैल चालत चर्चला जायचा, याला कागद आहे का?"

"ती आमच्या घरातली परंपरा आहे."

बघा! त्याच्या घरातल्या थापा ती परंपरा, आणि माझ्या आजीचं बोलणं ते बायकांच्या चुगल्या. डोळ्यांवर कातडं ओढून बसलेला माणूस दफ्तरखान्यात वर्षभर बसला तरी त्याला हवं तेवढंच सापडणार. मी त्याला आणखी एक टार्टही दिला नाही.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीचा गुरुवार. बर्फ वितळून चिखल झालेला, फक्त झाडांच्या सावलीत पांढरे ढीग उरलेले. रात्री साडेदहाला ऑर्विल स्मशानात गेला. एकटा. काम साधंच होतं. एझ्राच्या दगडावर 'पोरक्यांचा पोशिंदा' असं कोरलेलं आहे, असं तो ऐकत आला होता. पुस्तकात ते घालायचं होतं. पण दगड झिजलेला, दिवसा काही लागत नाही. असले दगड रात्री वाचतात, शेल्बी. विजेरी जमिनीलगत आडवी धरायची. प्रकाश दगडावरून घासत गेला की खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. आणि काय दिसतंय ते मोठ्याने वाचत जायचं, फोनवर रेकॉर्ड होतं, घरी येऊन उतरवून काढायचं. हे लोक असंच करतात. त्यांच्या कामाची रीतच आहे ती.

तर त्याने विजेरी चिखलात आडवी ठेवली, फोन चालू केला आणि वाचलं. एझ्रा टॅगर्ट. पोरक्यांचा... पोशिंदा. सगळं होतं. गडी खूश. तिथेच टोपी काढली असणार.

मग त्याला दिसलं. विजेरीचा प्रकाश दगडाला घासून पुढे गेला होता. मागच्या भिंतीवर. मढ्यांच्या खोलीच्या भिंतीवर, दाराला लागून.

तिथेही अक्षरं होती.

दिवसा ती कधी दिसली नव्हती. तो जवळ गेला. हात भिंतीवर टेकवला. आणि सवयीने... मोठ्याने वाचलं.

"नेल पिंबल. टॅगर्टांची."

वसंतात. दारापाशी. टॅगर्टाच्या तोंडून.

वारा पडला. तळ्यावर बर्फाचे तुकडे वाजत होते, ते वाजायचे थांबले. ऑर्विल उभा. हात भिंतीवर तसाच.

आणि आतून... एक ठोका.

हलका. कामवाली पोर मालकाच्या दारावर मारेल तसा.

कडी बाहेरून होती. कुलूप होतं. तो बघत राहिला. कुलूप हललं नाही. दार हललं नाही. पण त्याच्या बाजूने काहीतरी गेलं... त्याच्या गाडीच्या दिशेने... आणि वास आला. चरबीचा, राखेचा, ओल्या लाकडाचा.

विजेरी तिथेच टाकून तो पळाला. दुसरीकडे जाणार कुठे? गाडीतच बसला. गाडी सुरू केली. आरशात बघितलं नाही. वास गाडीत होता.

घरी तो वरच्या खोलीत कडी लावून बसला. बराच वेळ काही नाही. मग खालून...

खर्र... खर्र...

थांबलं.

खर्र...

फरशीवर ब्रश.

रात्रभर.

उजाडता उजाडता तो माझ्या दारात उभा. पायात घरातल्या चपला, त्याही उलटसुलट. बोबडी वळलेली. मी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि हे सगळं त्याने मला सांगितलं. मग आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघराची फरशी ओली होती. कोपऱ्याकोपऱ्यातून घासलेली. ऑर्विलच्या बायकोच्या काळातसुद्धा ती इतकी स्वच्छ नव्हती.

"सोपं आहे," मी म्हटलं. "तू हाक मारलीस, ती आली. आता तिला घेऊन जा. स्मशानात टॅगर्टांच्या जागेत तिच्या नावाचा दगड लाव. दगड मी आणतो. पण लावणारा टॅगर्टच पाहिजे. आणि पुस्तकात एक ओळ लिही. एकच ओळ, ऑर्विल."

तो फरशीकडे बघत राहिला. कॉफीने चेहऱ्यावर रंग आला होता. आणि रंगाबरोबर अध्यक्षही परत आला.

"काय म्हणून लिहू? भिंतीवर पोरांनी काहीतरी खरवडलंय म्हणून? 'पोशिंदा' म्हणायचं आणि खाली मोलकरीण मेल्याचं लिहायचं? लोक हसतील मला."

"तू स्वतः वाचलंस ना?"

"अंधारात माणसाला काहीही दिसतं. आणि या घराचे नळ गळतात."

थुंकलोच असतो, पण फरशी इतकी सुरेख घासलेली होती. मला किळस आली त्याची. ती पोर भूत होऊनसुद्धा त्याच्या घरी राबायला आली, आणि या माणसाला तिचं नाव लिहायला शाई जड झाली.

पुढे रोज सकाळी फरशी ओली. आणि तो ओल्या फरशीवरून चालत जाऊन पुस्तक लिहायचा!

जुलैत गोतावळा जमला. मक्याची कणसं, बटाट्याचं सॅलड, मांडव, भाषणं. सगळ्यांनी ऑर्विलला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पुस्तक वाटलं. मी चाळलं. पहिल्याच पानावर पोरक्यांचा पोशिंदा. नेलचं नाव कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली फरशी कोरडी होती. पहिल्यांदाच. ऑर्विलला वाटलं, सुटलो.

मग स्मशानातून फोन आला. एझ्राचा दगड कोरा झाला होता. फुटलेला नाही, ओरखडा नाही. घासलेला. पोळपाटासारखा गुळगुळीत. ऑर्विलने रात्री नवीन विजेरी आडवी धरून बघितलं. एकही सावली पडेना.

त्यानंतर एझ्राची मुलगी. मग मुलगे. ऑर्विलचा आजा, ऑर्विलचा बाप. दर थोड्या दिवसांनी एक दगड कोरा. त्याने पोलिसांत तक्रार दिली, पोरांवर आळ घेतला. कोडी, तुझ्यावरसुद्धा. कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात काही आलं नाही. फक्त सकाळी त्याचीही काच लख्ख पुसलेली.

मी दर वेळी जायचो. "एक ओळ, ऑर्विल."

"पुरावा आण."

नाताळापर्यंत त्या जागेत जन्माच्या टॅगर्टाचं एकच नाव उरलं. बायको गेली तेव्हा ऑर्विलने स्वतःचंही नाव तिच्या दगडावर कोरून ठेवलंय, आपल्याकडे ठेवतात तसं. जन्माचं साल, पुढे आडवी रेघ, आणि त्यापुढे मोकळी जागा.

काय म्हणालीस, शेल्बी? नाही, बायकोचं नाव आहे तसंच आहे. तिला कोण हात लावेल? ती बाहेरून आलेली होती बिचारी.

आज इकडे येताना मी स्मशानावरून आलो. गुडघाभर बर्फ सगळीकडे. फक्त त्या एका दगडापुढचं झाडून काढलेलं. पाऊल एकही नाही. आणि दगड...

दगड ओला होता. या थंडीत, थुंकी खाली पडायच्या आत गोठते त्या थंडीत, ओला.

मी हातमोजा काढला. बोट फिरवलं. कोमट होता. आडनाव गेलेलं. 'ऑर्विल'मधली शेवटची अक्षरं... अर्धी.

लगेच फोन लावला त्याला. म्हटलं, अजून अर्धं नाव आहे तुझं. आत्ता लिही. आत्ता ये आणि तिला नीट हाक मार.

 मागे काहीतरी वाजत होतं त्याच्या घरात. खर्र... खर्र...

मग म्हणाला, "फोटो पाठव."

कोडी, कंदील इकडे आण. हे बोट बघा माझं. सकाळी चांगलं होतं. कातडं पांढरं पडलंय, सालं निघालीत. शेल्बी, वास घे.

घे गं. घाबरू नकोस. नुसता साबण आहे.