मोहम्मदचा कॉम्प्युटर बोलेना

"प्रणालीताई, मशीन नुसतं बोंबलतंय! अब्बांचा आवाज गेला तर मी काय करू?"

झोयाचा फोन आला तेव्हा प्रणाली श्रीवर्धनच्या आपल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात एका प्रिंटरशी झटापट करत होती. रडणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी गप्प करायचं आणि मग ऐकायचं, हा तिचा खाक्या.

"गप्प! फोन कॉम्प्युटरच्या पेटीजवळ धर आणि मशीन चालू कर."

टूंऽऽ. मग पुन्हा टूंऽऽ. लांब, एकसारखं.

"डिस्क नाही गं, ही रॅमची, म्हणजे मेमरीची बोंब. आतली पट्टी सैल झाली असेल, नाहीतर गंजली असेल. येते मी."

झोयाचा बाप मोहम्मद कुवेतला होता. तिथेच गेला, दफनही तिथेच झालं. त्याने घरी केलेले व्हिडिओ कॉल तेवढे या कॉम्प्युटरवर साठवलेले होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि बंद पडला म्हणून मोहम्मदचा भाऊ, हारिसचाचा, आज संध्याकाळी तो भंगारात देणार होता.

हरिहरेश्वरच्या अलीकडे त्यांचं घर. मुनिरा, मोहम्मदची बायको, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली, पण बघितलं असं काही वाटलं नाही.

"पेटी कोणी उघडली होती?" प्रणालीने विचारलं.

"कोण उघडणार?" हारिस म्हणाला. "खारा वारा हाय. इथे बिजागऱ्या टिकत न्हाय, हे डबडं काय टिकणार!"

"भाभी, जरा पेटी पुढे ओढता?"

मुनिरा उठली. तिने प्लग काढला, खिडकीच्या लोखंडी गजावर तळवा टेकवला, मग पेटी ओढली. पुन्हा जाऊन तांदळाशी बसली.

प्रणालीने पत्रा काढला. गंज कुठेच नव्हता. पट्टीची खाच मात्र रिकामी होती.

"चाचा, तुम्हीच!" झोया किंचाळली.

"अल्ला कसम, पोरी! माझा हात लागला असेल तर..."

"थांबा हो दोघं," प्रणाली वैतागली. "हारिसभाईंनी पेटी उघडली असती तर पत्र्यावर ओरखडे उठले असते. स्क्रू बघा, कसे नीट बसवलेत. आणि आवाजाचाच काटा काढायचा असता तर व्हिडिओ साठवलेली डिस्क नेली असती. ती जागेवर आहे. नेली ती पट्टी. ती परत लावली की मशीन जसंच्या तसं चालतं. हे माहीत असलेलं माणूस घरातलंच आहे."

तांदूळ निवडणारा मुनिराचा हात थांबला.

"आत हात घालण्याआधी अंगातली वीज गजावर उतरवायची असते. शिकाऊ पोरांना सांगून माझं तोंड दुखतं. मघाशी तुम्ही गज धरलात. तुम्हाला कोणी शिकवलं, भाभी?"

"त्यांनीच," मुनिरा सपाट आवाजात म्हणाली. "मशीन ओरडलं की तिकडून सांगायचे, फोन जवळ धर. लांब वाजलं की पट्टी काढ, खोडरबराने घास, परत लाव. पण आधी गज धर."

"अम्मी!" झोया तिच्यापुढे जाऊन बसली. "का केलंस तू असं?"

"ते कॉल ऐकून तू रडतेस. मीपण ऐकलं, रोज ऐकलं. काहीच वाटलं नाही. त्यांचा चेहरा समोर, आणि माझ्या मनात काय, तर दूध उतू जाईल. मी बायको हाय की दगड? मला भीती वाटायला लागली, बेटा. मशीन बंद पडावं, हारिसने ते न्यावं, सुटेन, असं वाटलं. पण पट्टी काही टाकवेना."

ती आत गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने पिशवीत गुंडाळलेली पट्टी काढली. दमट हवा लागू नये म्हणून इतकी जपलेली. प्रणालीने पट्टी घेतली नाही; बाजूला सरून तिला जागा करून दिली.

मुनिराने गज धरला. पट्टी दोन्ही टोकांना दाबून बसवली आणि प्लग लावला.

टुक. एकच, आखूड, मशीन ठीक चालू झाल्याचं. झोयाने पहिलीच फाईल लावली.

कॅमेऱ्याला नाक लावून मोहम्मद विचारत होता, "मुनिरा? आवाज येतोय का? मुनिरा?"

मुनिरा पडद्याजवळ सरकली.

"येतोय," ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोला."