वळशावरची पाणपोई

कोणी सांगितलं तुम्हाला, मी गोष्टी सांगतो म्हणून? वीज गेली, मोबाइल मेले, की तगाराम आठवतो. एरवी माझ्या खाटेजवळून जाताना 'बाबा, जेवलात का' एवढंही कोणी विचारत नाही. आणि हा नरपत बघा, केसरारामचा नातू, सगळ्यांत पुढे बसलाय. बस बाबा, बस. तुझ्याच आजाच्या टँकरची गोष्ट आहे. घरी विचारलीस तर मिळायची नाही.

"पण खरी सांगा हं, बाबा."

"खोटी सांगायला मी काय निवडणुकीला उभा आहे? गप बस आणि ऐक."

हा समोरचा हायवे दिसतोय ना, तो तुम्हाला वाटतो कायमचाच इथे होता. माझा बाप उंट घेऊन जायचा तेव्हा इथे सडक नव्हती. विहिरीवरून विहिरीवर वाट होती. बिकानेरकडून निघायचं, जैसलमेर करून बाडमेरला उतरायचं. मग पाकिस्तानशी लढाई झाली, फौजेला रणगाडे न्यायचे होते, म्हणून डांबर आलं. नंतर दुष्काळ पडला आणि रुंदीकरणाच्या कामावर आम्ही खडी वाहिली. सरकारने पाटी लावली, पंधरा नंबर. आता पाटी बदलली, नवा नंबर मला येत नाही, शिकायचाही नाही. आम्ही पंधरा नंबरच म्हणतो.

ती जुनी सडक भाखरीच्या टेकडीजवळ मोठा वळसा घ्यायची, कारण तिथे विहीर होती. विहीर आटली, तरी वळसा राहिला. त्या वळशावर गवरी माईची पाणपोई होती. नवरा त्याच कामावर खडीखाली गेला, तेव्हापासून ती तिथे बसायची. झोपडी, एक मोठं मडकं, लांब तोटीची झारी. फौजेचे ट्रक थांबायचे, मेंढ्यांवाले थांबायचे. पाणी पाजल्याशिवाय ती कोणाला नाव विचारायची नाही. मडकं भरायला आठवड्याला गावातून टँकर जायचा.

मग साहेब लोकांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि वळसा कापून टाकला. सरळ सडक झाली. वळशावर गाड्या जायच्या बंद झाल्या. गाड्या बंद झाल्या, तसा टँकरही बंद झाला. भाऊ तिला न्यायला आला होता. ती म्हणाली, "मी उठले, आणि नेमकं कोणी आलं तर?"

त्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, वाळूची आंधी आली. आमची सडकेची टोळी वाळू हटवायला गेली. मी होतो, अणदाराम होता. झोपडीच्या दारात ती बसलेली सापडली. मांडीवर झारी. आत थेंब नाही.

नाही, भुताची गोष्ट ही नव्हे. ती पुढे आहे.

अणदाराम माझा जोडीदार. वाळूच्या टोळीतून सुटल्यावर त्याने केसरारामचा ट्रॅक्टर चालवायला घेतला, मागे पाण्याचा टँकर. त्याला एकच मुलगी, इमरती. तिचं लग्न ठरलं आखातीजेचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं. सकाळी वरात येणार. गावाच्या टाक्यात तळाला गाळ उरलेला. केसराराम म्हणाला, "माझा टँकर ने, भरून आण, पोरीला माझ्याकडून आहेर." चांगलं बोलला, खोटं कशाला सांगू?

तर आखातीजेची आदली रात्र. बीजेची चंद्रकोर जेवणाआधीच बुडालेली. अणदा टँकर काठोकाठ भरून निघाला. निम्म्या वाटेवर बघतो, तर पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा ट्रेलर सडकेवर आडवा. शंभर हात लांब पातं. पुढे गाड्यांची रांग.

"कधी निघेल रे हे?" त्याने विचारलं.

"क्रेन आली की निघेल," ट्रेलरवाला पंजाबी होता, तव्यावर पोळी टाकत म्हणाला. "चहा घे, काका. घाई कसली?"

"लेकीचं लग्न आहे."

"मग उडत जा."

अणदा उडाला नाही. त्याने ट्रॅक्टर वळवला आणि जुन्या वळशाला लागला.

डांबर उरलेलं होतं, वर वाळूचे पट्टे. दूरवर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागत, एकदम विझत. कुत्रं नाही. घर नाही. तो मोठ्याने गात निघाला, म्हणजे त्याला भीती वाटत होती. एरवी तो गात नसे. गाता येतच नव्हतं त्याला.

भाखरी आली. दिव्याच्या उजेडात सडकेच्या मधोमध कोणी बसलेलं दिसलं. ओढणी पुढे ओढलेली. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावलेली.

आपल्यात ओंजळ धरलेल्या माणसाला काही विचारत नाहीत. पाणी ओततात. पिणारा मान हलवतो, बोटं सोडतो, तेव्हा धार थांबवायची. त्याच्या आधी धार तोडणाऱ्याला आपण माणसांत धरत नाही. हे तुम्हा बाटलीवाल्यांना काय कळणार!

त्याने इंजिन बंद केलं. इमरतीच्या आहेरातला नवा लोटा जवळ होता, वर तिचं नाव कोरलेलं. नळाखाली भरला आणि ओतला.

लोटा संपला. मान हलली नाही. दुसरा ओतला. तिसरा.

"सावकाश, माई. ठसका लागेल."

ठसका नाही. घोटाचा आवाज नाही. त्याने खाली पाहिलं. ओंजळीतून थेंबही सांडत नव्हता... वाळू कोरडी होती.

मग त्याने मोजायचं सोडलं. लोटा भरायचा. ओतायचा. भरायचा. ओतायचा. दिवे लागत. विझत. टँकरचं पोट पोकळ वाजायला लागलं. त्याला रडू आलं. वरात येणार. जावई येणार. पाणी...

"माई," तो म्हणाला, "उद्या माझ्या लेकीचं लग्न आहे गं..."

ओंजळ हलली नाही. ओढणीतून आवाज आला. अगदी हळू. खूप दिवस न बोललेल्या माणसाचा.

"टँकर आला?"

अणदाने आवाज ओळखला.

तो तेव्हाही पळू शकला असता. किल्ली लावायची, निघायचं. निम्मं पाणी तरी वाचलं असतं. मी त्याला विचारलं होतं, का नाही पळालास? म्हणाला, "तगा, तिला काय सांगू? नाही आला म्हणून?"

तो म्हणाला, "आला, माई."

आणि ओतत राहिला.

नळाने हवा ओढली. शेवटचा लोटा. मग... मान हलली. बोटं सुटली.

तो नळ बंद करायला वळला. परत वळला.

सडक.

नुसती सडक. त्याच्या हातात लोटाही नव्हता.

सकाळी रिकामा टँकर मांडवात आला. वरात दारात, ढोल वाजतोय, आणि केसराराम टँकरवर काठी मारून बघतोय. ढण्ण. सगळ्यांनी ऐकलं.

"कुठल्या ढाब्यावर विकलंस रे पाणी? लेकीच्या लग्नाचं पाणी?"

अणदाने जे घडलं ते सांगितलं. वराती हसले. मी पुढे झालो. म्हटलं, "केसराराम, मी याच्याबरोबर अर्धं आयुष्य वाळू उपसली आहे. हा विकणारा नव्हे."

"मग तुझा वाटा किती?" तो मला म्हणाला. सगळ्या गावासमोर. माझ्या सुनांसमोर.

शेजारच्या वस्तीवरून उंटांवर पाणी आणलं, लग्न लागलं. पण इमरती सासरी गेली ती पाणीविक्याची पोर म्हणून. अजून तिकडे तेच नाव आहे तिचं.

वरात गेल्यावर मी आणि अणदा वळशावर गेलो. डांबर कोरडं. झोपडीचं छप्पर बसलेलं, आत गुडघाभर वाळू, वाऱ्याने घडी घातलेली, तिच्यावर कोणाचं पाऊल नाही. वाळूतून मडक्याचं तोंड वर आलेलं. त्याच्यावर लोटा पालथा घातलेला. इमरतीचा. उचलून पाहिलं, तर मडकं काठोकाठ भरलेलं.

मी म्हटलं, "चल, लोटा घेऊन जाऊ, दाखवू सगळ्यांना."

अणदाने तो परत होता तसा ठेवला. "राहू दे. कोणी आलं तर पिईल कशाने?"

मी एकटाच गावात आलो. म्हटलं, केसराराम, चल, डोळ्यांनी बघ. तो पुढच्या ओट्यावर बसला होता. वळशाचं नाव काढल्यावर त्याचं तोंड उतरलं. "मला नाही बघायचं," म्हणाला, आणि आत गेला.

अणदा गेल्या थंडीत गेला. दर आखातीजेला आम्ही दोघं जायचो, आता मी एकटाच जातो. झोपडी वाळूखाली गेली, सडकही दिसत नाही. मडकं मात्र उघडं असतं. काठोकाठ. मी पिऊन येतो, पुढच्या वर्षी परत काठोकाठ.

"बाबा, पण तिचा टँकर बंद कोणी केला होता?"

कोणी विचारलं हे? तू, नरपत? बरं झालं तूच विचारलंस. गावात तेव्हा टँकर एकाच माणसाकडे होता. तिचं काय ते तो आणि ती बघून घेतील, अणदा तर गेलाच. पण मी अजून जिवंत आहे, आणि मांडवात मला जे बोलला त्याची माफी मागायला तो अजून या खाटेपर्यंत आलेला नाही. घरी जाशील तेव्हा त्याला उठवून सांग. नाव ठाऊक आहे ना तुला? केसराराम.