आजाराला रविवारची सुटी

"शेपूट, डोळे मीट आणि मोठा श्वास घे! आलंच खाली!"

बिट्टीने आठ वर्षांच्या मावसबहिणीला जिन्यावरून जवळजवळ फरफटतच रस्त्यावर आणलं. फुटपाथच्या कडेला पोचताच शेपटीला भडाभडा उलटी झाली. मागून मास्तर पाण्याची स्टीलची बाटली घेऊन धावत आला.

"सकाळी काय खाल्लं होतंस?" त्याने विचारलं.

"तू खाल्लंस तेच!" शेपूट रडत म्हणाली. "माझं डोकं कुणीतरी आवळतंय रे!"

बिट्टी बारा वर्षांची. दिवाळीच्या सुटीत मावशीकडे राहायला आलेली. मावशीचा थोरला मुलगा चौदा वर्षांचा, आणि कुठलीही गोष्ट बोट वर करून समजावायची त्याला खोड, म्हणून तो मास्तर. धाकटी सदान्‌कदा या दोघांच्या मागे, म्हणून ती शेपूट. तिघांनी यंदा सुटीत बाहुल्यांचा खेळ बसवायचा ठरवला होता. बाहुल्या शिवायला शिकवत होत्या समोरच्या इमारतीतल्या शिवणकाकू. इमारत लहानशीच. खाली लाँड्री, वर काकूंचं घर आणि त्याच्यावर गच्ची. घरात काकू आणि त्यांचे म्हातारे सासरे, एवढेच.

"झालं का पुन्हा सुरू?" लाँड्रीवाले काका दुकानातून ओरडले. "मी सांगतो, या मास्तरनेच ही साथ आणली! मागच्या आठवड्यात तापाने फणफणला होता आणि आता सगळ्यांना वाटत फिरतोय!"

मास्तरचा चेहरा पडला. चार दिवस तो हेच ऐकत होता. आपल्यामुळे कुणाला काही होऊ नये म्हणून तो काकूंच्या खोलीत जायचासुद्धा बंद झाला होता. बाहेर गॅलरीत एकटाच बसून बाहुल्यांचे हातपाय कापायचा.

बिट्टीने मात्र थैलीतून थर्मामीटर काढला. तिची मावशी मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासायचं काम करायची. थर्मामीटर तिनेच दिलेला. शेपटीच्या काखेत तो धरून बिट्टीने वाट पाहिली.

"ताप नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. मास्तर, तुला ताप होता तेव्हा घसा दुखत होता? गळ्याशी गाठी आल्या होत्या?"

"हो तर! लिंबाएवढ्या! पाणी गिळवत नव्हतं."

"म्हणजे तुझं शरीर लढत होतं. मावशी म्हणते ना, जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी मेंदूला निरोप धाडतात आणि मेंदू मुद्दाम अंग तापवतो. गाठी म्हणजे त्या पेशींची छावणी. मग शेपटीच्या अंगात लढाईची एकही खूण कशी नाही? ताप नाही, सर्दी नाही, गाठी नाहीत. काकूंनाही नाहीत. मी परवा बघितलंय."

"मग?"

"मग ही तुझी साथ नाहीच!"

मास्तर क्षणभर बोट वर करायचंही विसरला.

बिट्टीने वही उघडली. तिने गेले काही दिवस रोजचं टिपण ठेवलं होतं. बुधवारी काकूंचं डोकं दुखलं. गुरुवारी काकूंना मळमळ आणि आजोबांना चक्कर. शुक्रवारी बिट्टीचं स्वतःचं डोकं ठणकलं, पण घरी आल्यावर तासाभरात थांबलं. शनिवारी सगळे बेजार. रविवारी सगळे ठणठणीत! आणि आज सोमवारी पुन्हा तेच.

"रविवारी आपण काकूंकडे गेलो नसू," मास्तर म्हणाला.

"गेलो होतो की! दिवसभर झालरी लावल्या. खिडक्याही आजच्यासारख्याच बंद होत्या." समोरचा रस्ता खोदायचं काम चालू होतं. धुळीने कापड मळतं म्हणून काकू आठवडाभर एकही खिडकी उघडत नव्हत्या. "आजार काय रविवारची सुटी घेतो?"

"रविवारी लाँड्रीवाले काकाच नव्हते ना ओरडायला," शेपूट तोंड पुसत म्हणाली. "दुकान बंद होतं."

दोघांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"शेपटे, तू हुशार आहेस!" बिट्टी म्हणाली. "चला मागच्या बोळात!"

इमारतीच्या मागे हातभर रुंदीचा बोळ होता आणि तिथून डक्टमध्ये डोकावता यायचं. डक्ट म्हणजे भिंतींच्या मधला उभा पोकळ भाग. सांडपाण्याचे पाइप त्यातून वर गेलेले. कबुतरं शिरू नयेत म्हणून वरच्या टोकाला कुणीतरी प्लास्टिकचा पत्रा ठोकला होता. आत अंधूक उजेड. मास्तरने पायाच्या टाचा उंचावून पाहिलं.

"बिट्टे! ते बघ! लाँड्रीच्या बॉयलरचं धुराडं!"

पूर्वी ते जाड नळकांडं सरळ गच्चीच्या वर जायचं. गच्चीवर जाताना तिघांनी कितीदा त्याला वळसा घातला होता. आता ते डक्टमध्येच, काकूंच्या न्हाणीच्या झरोक्याच्या अगदी खाली कापलेलं होतं. कापलेली कड अजून नवीकोरी चकाकत होती. मात्र भिंतीवर काजळीचा काळा पंखा उमटला होता.

"म्हणजे बॉयलरची सगळी घाण थेट काकूंच्या घरात जातेय!" मास्तर पुटपुटला.

तिघं धावतच दुकानात शिरली. काका चादरींच्या ढिगाआड उभे होते.

"काका, तुम्ही धुराडं कधी कापलंत?"

"मंगळवारी. का?" काकांनी भुवया चढवल्या. "गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काळे ठिपके पडायचे. हॉटेलवाले परत पाठवायचे. आता बघा, कशा पांढऱ्याशुभ्र!"

"त्या धुरानेच काकू आजारी पडल्यात! आधी बॉयलर बंद करा!"

"काय?" काका हसलेच. "धूर? वर जाऊन वास घ्या बघू! येतो वास? गॅस साठला असता तर नाकाला कळला नसता? चारपर्यंत दोनशे चादरी द्यायच्यात मला. म्हणे बॉयलर बंद करा!"

"पण काका..."

"थांबा, तुमची खात्रीच पटवतो. चला वर!"

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र काकांच्या गल्ल्यावर असायचं, कारण त्यांच्या बायकोला दमा होता. ते घेऊन काका तरातरा जिना चढले. काकूंनी दार उघडलं. त्यांचे डोळे जड झाले होते. दाराच्या चौकटीचा आधार घेऊनच त्या उभ्या होत्या.

काकांनी यंत्र त्यांच्या बोटाला लावलं. तांबडा दिवा लुकलुकला.

"नव्याण्णव!" काका विजयी मुद्रेने म्हणाले. "शंभरात नव्याण्णव! तुमच्या शाळेत तरी मिळतात का एवढे? ऑक्सिजन ठणठणीत आहे. झालं समाधान?"

आणि ते जिना उतरून गेलेसुद्धा.

"काकू, निदान खिडक्या तरी उघडा ना!" बिट्टी गयावया करत म्हणाली.

"धूळ येते गं... लग्नाचे कपडे आलेत शिवायला. मी जरा पडते. आजोबाही आज सकाळपासून झोपूनच आहेत." काकूंची जीभ जड झाली होती. दार लागलं. आतून कडी सरकली.

तिघं जिन्यावर उभी राहिली. नव्याण्णव! बिट्टीचा सगळा तर्कच कोसळला होता. ऑक्सिजन पुरेसा आहे, तर मग काकूंना झालंय तरी काय?

तेवढ्यात तिला आठवलं. यंत्रावर दोन आकडे होते. काकांनी एकच वाचला.

"मास्तर, खालचा आकडा काय होता?"

"नाडीचा? एकशे चोवीस."

"एकशे चोवीस! काकू नुसत्या उभ्या होत्या! जिना काका चढले, काकू नाही! ऑक्सिजन पोचत असेल तर त्यांचं हृदय एवढं कशासाठी धावतंय?"

तिने मास्तरचा फोन ओढून घेतला आणि मावशीच्या प्रयोगशाळेचा नंबर लावला. एकदा वाजला. दोनदा. सहाव्यांदा कुणीतरी उचलला आणि मावशीला बोलावलं. बिट्टीने एका दमात सगळं सांगितलं. ताप नाही, रविवारी सगळे बरे, कापलेलं धुराडं, नव्याण्णव आणि एकशे चोवीस.

मग मावशी बोलली, तो आवाज बिट्टीने कधी ऐकला नव्हता.

"बिट्टी, नीट ऐक. हा कार्बन मोनॉक्साईड असणार. त्याला वासच नसतो. तांबड्या पेशींवर ज्या जागी ऑक्सिजनने बसायचं, त्या जागा हा बळकावतो आणि उठतच नाही. रक्त तांबडंच दिसतं, म्हणून ते यंत्र फसतं. त्याला रंग कळतो, जागेवर बसलंय कोण ते कळत नाही! मेंदू आणि हृदय ऑक्सिजनविना तडफडत असतात. मी रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल पाठवते. तुम्ही दारं-खिडक्या उघडा, त्यांना बाहेर काढा. पण आत रेंगाळायचं नाही! श्वास रोखून जायचं, लगेच बाहेर यायचं. कळलं?"

"कळलं!"

बिट्टीने काकूंच्या दारावर धडाधड मुठी मारल्या. "काकू! काकू, दार उघडा!"

आतून उत्तर नाही. शिवणयंत्राचा आवाज नाही. काहीच नाही.

"मास्तर, बॉयलर बंद व्हायला हवा! पण काका ऐकणार नाहीत आणि समजावत बसायला वेळ नाही!"

"काकांना मी पळवते," शेपूट म्हणाली. तिचा चेहरा अजून पांढराफटक होता, पण ती जिन्यावरून सुटली ती बाणासारखी. दुसऱ्याच क्षणी खालून तिचं किंचाळणं ऐकू आलं. "काका! काका, चादरी! गच्चीवरच्या चादरी उडाल्या! रस्त्याच्या धुळीत पडताहेत!"

"अरे देवा! माझ्या चादरी!"

काका धाप टाकत जिना चढले आणि बिट्टीकडे न बघताच गच्चीकडे धावले. मास्तर तेवढ्यात सुळकन खाली गेला. बॉयलरमागे गॅसच्या नळीवर पिवळा खटका होता. त्याने दोन्ही हातांनी तो आडवा केला. भुर्र भुर्र आवाज थांबला आणि बॉयलर विझला.

इकडे बिट्टीने अंगातला स्वेटर काढून हाताला गुंडाळला. दाराशेजारच्या खिडकीवर तिने मास्तरने तिथेच टाकलेली स्टीलची बाटली हाणली. एकदा, दोनदा! काच खळ्ळकन फुटली. आत हात घालून तिने खिडकीची कडी काढली, ती सताड उघडली, मग कमरेपर्यंत वाकून दाराची कडी चाचपली. बोटं पोचेनात! तिने टाचा उचलल्या. खांदा चौकटीत रुतला. कडी बोटांच्या टोकांना लागली... निसटली... पुन्हा लागली. खट्!

छातीभर श्वास घेऊन ती आत शिरली. काकू शिवणयंत्राच्या पायथ्याशी आडव्या पडल्या होत्या. बिट्टीने त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. काकू तसूभरही हलल्या नाहीत. बिट्टीच्या कानांत ठोके वाजायला लागले. श्वास घ्यावा असं फार फार वाटत होतं. ती बाहेर पळाली, गॅलरीच्या कठड्यावर ओणवून तिने हवा गिळली आणि पुन्हा वळली. तोवर मास्तर आला होता.

"तू उजवा हात, मी डावा! श्वास रोख! ओढ!"

दोघांनी काकूंना उंबऱ्याबाहेर ओढलं. काकू कण्हल्या. जिवंत होत्या!

"एकही चादर उडालेली नाही!" गच्चीवरून काका गरजत खाली आले. "कुठे आहे ती खोटारडी? आणि ही काच कुणी..."

काका जागीच थबकले. गॅलरीत काकू निपचित पडल्या होत्या.

"काका, आजोबा अजून आत आहेत," बिट्टी म्हणाली. "आतल्या खोलीत. आम्हाला उचलणार नाहीत."

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. मग तोंडावर रुमाल दाबला.

"रुमालाचा उपयोग नाही! श्वास रोखा!" बिट्टी ओरडली.

काका आत घुसले. एक, दोन, तीन... मास्तर मोठ्याने अंक मोजत होता. वीस. तीस. शेपटीने बिट्टीचा हात घट्ट धरला होता. पस्तीसला काका बाहेर आले. खांद्यावर आजोबा, आणि काकांचा चेहरा घामाने निथळलेला. त्यांनी आजोबांना हलक्या हाताने खाली टेकवलं आणि तिथेच मटकन बसले.

दूरवरून भोंगा ऐकू आला.

काकूंचं आणि आजोबांचं रक्त तपासणीला गेलं, ते मावशीच्याच टेबलावर. रक्त नेहमीपेक्षा जास्तच लालभडक दिसत होतं. आजोबांच्या रक्तातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा त्या विषारी वायूने बळकावल्या होत्या. मुखवट्यातून निव्वळ ऑक्सिजनचा मारा सुरू झाला आणि तासातासाने एकेक जागा मोकळी होत गेली. शेपटीलाही मुखवटा लागला. "मी वैमानिक दिसते का?" हा तिचा पहिला प्रश्न होता. अग्निशमन दलाने बॉयलरला टाळं ठोकलं. धुराडं पुन्हा गच्चीच्या वर जाऊन तपासणी होईपर्यंत ते निघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हॉस्पिटलात गेली. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या खाटेवर आजोबा नर्सबाईंशी चहात साखर कमी असल्यावरून हुज्जत घालत होते. कोपऱ्यात लाँड्रीवाले काका उभे होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा.

"मास्तर," ते खाली बघत म्हणाले, "तू साथ आणलीस म्हणून मी गल्लीभर बोंबललो. आजार मीच आणला होता रे. माझ्या चादरींसाठी. मला माफ कर."

मास्तरने सवयीने बोट वर केलं. त्याने तेच बोट खाली घेऊन काकांचा हात धरला.

डॉक्टरांनी बिट्टीची वही पानापानाने वाचली. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि तुझा तर्क चुकला असता तर?"

"तर एक काच फुटली असती," बिट्टी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वही बंद केली, तिच्या हातात दिली आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आणखी अर्धा तास गेला असता तर आजोबा वाचले नसते. रविवारची ती ओळ तू लिहिलीस. आम्ही रविवारचं विचारलंसुद्धा नसतं."

मावशी दारात उभी होती. पांढऱ्या कोटात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती आत आली, बिट्टीसमोर गुडघ्यांवर बसली आणि काचेने ओरखडलेला तिचा दंड अलगद हातात घेतला.

"काल फोनवर तुला आत जायला सांगितलं ना," ती म्हणाली, "तेव्हापासून रुग्णवाहिका पोचेपर्यंत मीही श्वास रोखूनच होते गं."

कालपासून बिट्टीच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नव्हता. आता मात्र मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून ती मनसोक्त रडली. आणि कुणीच तिला थांबवलं नाही.