नळधारक समक्ष हजर

मेलेल्या माणसाला कचेरीतून बोलावणं आलेलं तुम्ही कधी ऐकलंय का?

भडगावजवळच्या एका गावात धुरपदाबाईच्या दारचा नळ तोडला होता. नळ नवऱ्याच्या नावावर, आणि झुलालनाना तर दिवाळीतच गेलेले. पोटुशी सून दिपमाला भर उन्हात लांबच्या विहिरीवरून हंडे आणायची. बघून धुरपदाबाईचा जीव तुटायचा.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत प्रेमराज कारकून मान वर न करता म्हणाला, "नाव बदलायला मूळ नळधारक समक्ष हजर पाहिजे."

"भाऊ, त्या ते वारी ग्यात."

"मृत्यूचा दाखला पाहिला, अक्का. पण मयताने गैरहजेरीचं कारण कळवलेलं नाही. उद्या घेऊन या."

उद्या आखाजी होती. त्या दिवशी खानदेशात पितर घरी जेवायला येतात. सकाळी शेजारणीकडच्या पाण्याने घागर भरली, तिच्यावर सांजोरी आणि आंबा ठेवला. दिपमालाने उंबरठ्यावर कुंकवाचं बोट उमटवलं, आणि धुरपदाबाईने मुलाच्या नावाने नवऱ्याला हाक मारली, "वनाना बाप... आज घर नका येवू. कचेरीमा या."

सून दचकली. "आत्याबाई, पितरांना असं दुसरीकडं कुणी बोलवतं का?"

"तुले पानी लागस ना, बेटा."

दुपारी धुरपदाबाई प्रेमराजसमोर बसली होती, तोच कचेरीतली वीज गेली. पंखे थांबले, अंधारल्या खोलीत जुन्या कागदांचा कुबट वास दाटला. मग बाहेरच्या बोळातून कोरडा खोकला आला... आणि मागोमाग तपकिरीचा वास. धुरपदाबाईने पदर तोंडाला लावला. तो खोकला तिने सारा संसारभर ऐकला होता. तिने मागं वळून पाहिलं नाही.

प्रेमराज लिहितच होता. "नळधारक?"

"हं..." मागच्या बाकावरून आवाज आला.

"संमती आहे?"

"हं... पानी..."

"माठ तिकडं आहे," म्हणत प्रेमराजने मान वर केली. पेन हातातच राहिलं. ओठ मात्र सवयीने हलत राहिले. "अर्जदार... जाऊ शकतात. नळधारकाला निकाल होईपर्यंत... कार्यालय सोडता येणार नाही."

"मंग त्यास्ले घर कव्हय धाडशात?"

"यथावकाश..."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारच्या नळाला पाणी आलं. घरातली घागर तशीच काठोकाठ भरलेली होती, आणि पितरांच्या घासाला कावळा शिवला नव्हता. शिपायाने कचेरी उघडली, तेव्हा संध्याकाळी भरून ठेवलेला माठ तळापर्यंत कोरडा होता.